डोळ्यांतील हट्टी जिवाणू आणि प्रतिजैविके

पावसाळ्यातील 'डोळे येण्या'ची साथ बहुतेक वेळा विषाणूंमुळे पसरते. तिच्यावर प्रतिजैविकांचा उपयोग होत नाही. तरीही औषधाच्या दुकानातून परस्पर थेंब आणून डोळ्यांत घालण्याची सवय सुटत नाही. अशा अनाठायी वापरामुळेच औषधांना दाद न देणारे जिवाणू बळावतात.

खरा धोका असतो तो बुबुळावरील पारदर्शक पटलाला जिवाणूंमुळे होणाऱ्या जखमेचा. कॉन्टॅक्ट लेन्सचा निष्काळजी वापर किंवा डोळ्याला झालेली इजा हे तिचे प्रमुख निमित्त. स्युडोमोनास हा जिवाणू एक-दोन दिवसांतच हे पटल पोखरू शकतो. पटलात रक्तवाहिन्या नसल्याने गोळ्यांपेक्षा थेंबच अधिक परिणामकारक ठरतात. सुरुवातीला ते दर तासाला, रात्रीही घालावे लागतात.

उपचारापूर्वी जखम खरवडून नमुना तपासणीस पाठवतात. अहवाल येईपर्यंत मॉक्सिफ्लॉक्सॅसिन, किंवा सेफाझोलिन व टोब्रामायसिन यांचे तीव्र थेंब दिले जातात. मेथिसिलिनला न जुमानणारा स्टॅफिलोकोकस आढळल्यास व्हॅन्कोमायसिनच्या इंजेक्शनपासून थेंब तयार करतात. स्युडोमोनासही नेहमीच्या औषधांना दाद देत नसेल, तर कोलिस्टिनचा आधार घेतला जातो. मूत्रपिंडावरील दुष्परिणामांमुळे मागे पडलेले हे जुने औषध थेंबांच्या रूपात पुन्हा उपयोगी ठरले आहे. संसर्ग डोळ्याच्या आत पोहोचल्यास थेंब पुरत नाहीत. थेट नेत्रगोलात इंजेक्शन द्यावे लागते. औषधे हरली, तर नेत्ररोपणाचा मार्ग उरतो.

हे संकट किती गंभीर आहे, ते २०२३ मध्ये अमेरिकेत दिसले. चेन्नईजवळ तयार झालेल्या 'कृत्रिम अश्रूं'च्या थेंबांशी संबंधित संसर्ग १८ राज्यांतील ८१ रुग्णांत आढळला. कार्बापेनेम गटातील प्रभावी औषधेही त्या स्युडोमोनासपुढे निष्प्रभ ठरली. १४ जणांची दृष्टी गेली, चौघांचा डोळा काढावा लागला आणि चौघांचा मृत्यू झाला. तपासलेले जिवाणू सेफिडेरोकॉल या नव्या प्रतिजैविकाला मात्र दाद देत होते.

म्हणूनच डोळा लाल होऊन दुखत असेल, उजेड सहन होत नसेल किंवा अंधुक दिसत असेल, तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांकडे जावे. घरातील उरलेले थेंब, विशेषतः स्टिरॉइडयुक्त, वापरू नयेत. उघडलेली बाटली सांगितलेल्या मुदतीनंतर टाकून द्यावी आणि दुसऱ्याला देऊ नये. वेळेवर उपचार झाले नाहीत, तर जखम भरूनही डोळ्यात फूल पडते आणि नजर कायमची अधू होते.