पेणचा कारखाना: हात, साचा आणि हंगाम

रायगडच्या किनाऱ्यावरची कारखानदारी आणि तिथला कामगार, असा आजचा विषय जाहीर झाला, तेव्हा आपल्यापैकी बऱ्याच जणांच्या डोळ्यांपुढे थळचा खत प्रकल्प आला असेल. नागोठण्याचा गॅस क्रॅकर, डोलवीचा पोलाद कारखाना, पलीकडे न्हावा-शेवा बंदर, हेही आलं असेल. ते सगळं महत्त्वाचं आहेच. पण मी आज पेणला थांबणार आहे. पेण आणि खाडीकाठची हमरापूर, जोहे ही गावं इथे 'कारखाना' हा शब्द आधी गणपतीच्या मूर्तींसाठी वापरला जातो. 'आमचा कारखाना आहे' असं पेणमध्ये कोणी म्हणालं, तर तिथे चिमणी नसते. पत्र्याची किंवा ताडपत्रीची शेड असते आणि आत रांगेने शेकडो गणपती बसलेले असतात.

हा उद्योग पेणलाच का वाढला? कारागीर होते हे एक, आणि देवधर घराण्याचं नाव त्या संदर्भात आजही आदराने घेतलं जातं. दुसरं कारण साधं, भूगोलाचं. पेणला अंतोरा बंदर होतं, धरमतरची खाडी जवळ, म्हणजे मुंबई पाण्यावरून हाताशी. १८९०च्या दशकात गणेशोत्सवाला सार्वजनिक रूप आलं आणि शहरांत मूर्तींची मागणी वाढत गेली. शाडूची माती गुजरातेतून यायची आणि तयार देव मुंबईला जायचा. कच्चा माल बाहेरचा, बाजारही बाहेरचा; मधला हात तेवढा पेणचा. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

आता या मालाच्या गुणवत्तेचा विचार करा. यंत्राचा सुटा भाग बिघडला तर दुरुस्त होतो, नाहीतर सवलतीत विकला जातो. गणपतीचा कान उडाला, सोंडेला तडा गेला, की भंगलेली मूर्ती कोणी पाटावर बसवत नाही. 'दुय्यम दर्जा' नावाचा मालच इथे नाही. आणि माल पोचवायची तारीख? भाद्रपद शुद्ध चतुर्थी. पंचमीला पोचलेल्या गणपतीचं काय करायचं? (हशा) हसण्यासारखं आहे, पण कारखानदाराला विचारा. त्यात ही तारीखही स्थिर नाही. २०२२ मध्ये चतुर्थी ३१ ऑगस्टला होती, २०२३ मध्ये अधिक मास आला आणि ती १९ सप्टेंबरला गेली, २०२५ मध्ये २७ ऑगस्टला. रंगकामाचे शेवटचे दिवस ऐन पावसात येतात, आणि शाडू पावसात वाळत नाही.

शाडूची मूर्ती म्हणजे संयमाचं काम. माती मळायची, साच्यात दाबायची, भाग जोडायचे, सांधे ओल्या हाताने बुजवायचे, आणि मग वाट पाहायची. वरून वाळली आणि आत ओल राहिली तर तडा जातो. घाईने वाळवली तरी तडा. आत किती ओल आहे हे कारागीर बोटाने सांगतो, वजनावरून सांगतो. हे ज्ञान कुठल्या कागदावर नव्हतं, हातात होतं.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात प्लास्टर ऑफ पॅरिस आलं आणि हे बदललं. प्लास्टर म्हणजे भाजलेला जिप्सम. पाणी मिळालं की काही मिनिटांत घट्ट होतं. काथ्या घालून पातळ थर दिला तरी मजबूत, आतून पोकळ, म्हणून हलकं. रबरी साचा आला, त्यातून शेल्याची चुणी न चुणी उमटू लागली. जिथे दिवस लागत तिथे तास पुरू लागले. मुंबईच्या मंडळांच्या उंच मूर्ती शक्य झाल्या, आणि परदेशात जाणाऱ्या मूर्ती कंटेनरमध्ये न फुटता टिकू लागल्या. प्लास्टरला आज आपण सहज खलनायक करतो, पण तालुक्यातल्या कितीतरी घरांत चूल पेटली ती या पांढऱ्या पावडरीमुळे, हेही सांगायला हवं.

पण गुणवत्ता हातातून निघून साच्यात गेली. साचा भरायला अनुभवी कारागीर लागत नाही, चार दिवसांत शिकलेला मुलगाही भरतो. मग कामाचे तुकडे झाले: एक साचा भरणारा, एक सांधे घासणारा, एक अंगाचा रंग मारणारा, एक पितांबर आणि सोनेरी काठ रंगवणारी. यात आसपासच्या गावांतल्या बायांचा वाटा मोठा आहे. मजुरी बरेचदा नगावर. आणि सगळ्यांच्या शेवटी, सर्वांत महाग, आखणी करणारा. आखणी म्हणजे डोळे. देव भक्ताकडे पाहतो की भिंतीकडे, हे तो दोन-तीन रेषांत ठरवतो.

इथे थोडं बाहेर जाऊ. १९२४ मध्ये अमेरिकेत वॉल्टर शूहार्ट नावाच्या माणसाने आपल्या वरिष्ठांना एक पानभर टिपण आणि एक आलेख दिला. संख्याशास्त्रीय गुणवत्ता नियंत्रणाची सुरुवात तिथून मानतात. हे शूहार्ट १९४७-४८ मध्ये भारतातही येऊन गेले. त्यांचा विचार पुढे नेणाऱ्या डेमिंग यांनी १९५० पासून जपानमध्ये सांगितलं ते थोडक्यात असं: शेवटी तपासून माल चांगला होत नाही. चूक कुठे झाली ती बातमी, जिथे झाली तिथे परत गेली पाहिजे.

पेणच्या शेडमध्ये ही बातमी परत नेणारा माणस होता आखणीवाला. रबरी साचा वापरून वापरून सैलावतो. नाकाची धार जाते, बोटं एकमेकांत मिसळतात. प्रत्येक मूर्तीच्या तोंडासमोर बसणारा माणूस एकच. नाक बोथट झालंय, हे त्याला सर्वांत आधी दिसतं. तो जागेवरूनच ओरडतो, आणि साचा बदलतो. मी एका शेडमध्ये हे पाहिलं आहे. कुठलीही नोंदवही नाही, पण पद्धत चोख.

मग हमरापूर पट्ट्यातून 'कच्च्या' मूर्ती, म्हणजे न रंगवलेल्या, मोठ्या प्रमाणात बाहेर जाऊ लागल्या. रंग आणि आखणी दुसऱ्या गावात, दुसऱ्या शहरात. धंद्याच्या हिशेबाने हे योग्यच होतं. जागा सुटते, पैसा लवकर फिरतो. पण बोथट नाकाची बातमी आता साच्यापर्यंत येत नाही. लांबचा रंगारी रंगाच्या थराने ती झाकतो, आणि तोच साचा पुढच्या शंभर मूर्ती काढतो. माझ्या मते पेणच्या दर्जाची खरी घसरण, जिथे झाली तिथे, या तुटलेल्या निरोपामुळे झाली. मातीमुळे नव्हे आणि प्लास्टरमुळेही नव्हे.

माणसांचं काय झालं? काम हंगामी. कारखानदाराचा पैसा वर्षभर अडकतो आणि सुटतो तो दहा-पंधरा दिवसांत. कारागिराला बारा महिन्यांचा पगार देणं बहुतेकांना जमत नाही. इकडे थळचा प्रकल्प १९८५च्या सुमारास सुरू झाला, पुढे नागोठणे, मग डोलवी. कायम नोकरी, निदान कंत्राटी का होईना दरमहा हातात येणारी रक्कम, हे समोर दिसत असताना आखणी शिकायला वर्षं कोण घालवणार? बापाने मुलाला 'यात पडू नकोस' सांगितलं असेल, तर त्याला आपण दोष कसा द्यायचा?

आणि या पार्श्वभूमीवर बंदी आली. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने मे २०२० मध्ये प्लास्टरच्या मूर्तींविरुद्ध मार्गदर्शक सूचना काढल्या. अंमलबजावणी रेंगाळली. जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ती कडक करायला सांगितली, जूनमध्ये मूर्ती बनवायला मुभा दिली, विसर्जनाच्या अटी ठेवून. तारखा पाहा. जानेवारी ते जून! साचे भरण्याचे नेमके तेच महिने. ज्याने थांबून वाट पाहिली त्याचा हंगाम गेला, ज्याने धोका पत्करला तो तरला. पाण्याची काळजी खोटी नाही. विसर्जनानंतर दुसऱ्या दिवशी किनाऱ्यावर काय दिसतं, ते आपण सगळ्यांनी पाहिलं आहे. पण चर्चा सगळी 'कोणती माती' यावर झाली. 'कोणता हात' हे फारसं कोणी विचारलं नाही. शाडूकडे परत जायचं, तर ओल बोटाने ओळखणारी माणसं हवीत, वाळवायला दुप्पट-तिप्पट जागा हवी, आणि फूट धरून दर ठरवणारं गिऱ्हाईक हवं. कारण आपण दुकानात काय विचारतो? 'शाडूची आहे का?' हा पहिला प्रश्न. 'एवढी महाग का?' हा लगेच दुसरा.

ज्या शेडचं मघाशी सांगितलं, तिथे आखणी करणारे काका साठीच्या पुढचे होते. त्यांच्या शेजारी दोन मुली बसल्या होत्या, फुटक्या मूर्तींच्या तुकड्यांवर डोळे काढण्याचा सराव करत. पगार मिळतो का, मी विचारलं. रंगकामाचा नगावर मिळतो, शिकण्याचा नाही, असं त्यातली मोठी म्हणाली. काका काही बोलले नाहीत. त्यांनी तिच्या हातातला तुकडा घेतला, उजेडाकडे धरला, आणि डावा डोळा पुसून परत काढायला लावला.