पाते परमुलखाचे, मूठ आपल्या गावची

आज मी आपल्याशी चाकूविषयी बोलणार आहे. विळी, सुरी, कोयता यांची गोष्ट मी करीत नाही. मिटून खिशात ठेवता येतो, त्या चाकूची करतो आहे. शेतकऱ्याच्या बंडीच्या खिशात तो असतो, गुरुजींच्या टेबलाच्या खणातही असतो. सुतळी कापावी, फळ चिरावे, पेन्सिलीला टोक काढावे आणि पुन्हा मिटून ठेवावा. इतकी साधी वस्तू, की तिला काही इतिहास असेल हे मनातही येत नाही. मी महाविद्यालयात इतिहास शिकवतो, पण माझ्याही मनात ते कधी आले नव्हते. ते आले दोन लाकडी पट्ट्यांमुळे.

माझे वडील काटोलकडच्या बागांतून संत्र्याची कलमे बांधीत. आपल्याकडे या कामाला डोळे भरणे म्हणतात. जंबेरीच्या रोपाला जमिनीपासून वीतभर उंचीवर सालीत चीर द्यायची, चाकूच्या टोकाने साल अलगद उचलायची आणि चांगल्या संत्र्याच्या फांदीवरचा डोळा त्यात बसवून घट्ट बांधायचे. खुंट जंबेरीचा, फळ संत्र्याचे. हे काम चाकूवर चालते. धार बोथट असली तर साल फाटते, आणि मूठ हातात फिरली तर चीर वाकडी जाते. थंडीच्या दिवसांत वडील सकाळपासून वाफ्यात उकिडवे बसलेले असत, आणि संध्याकाळी घरी आले की सर्वांत आधी चाकू पुसून ठेवीत.

त्या चाकूची मूळची मूठ फुटली, तेव्हा त्यांनी शिसवीच्या दोन पट्ट्या स्वतः तासून बसवल्या होत्या. उजव्या अंगाच्या पट्टीवर अंगठ्याजोगती खोलगट जागा होती. ती त्यांनी कोरली होती की वर्षांच्या वापराने पडली होती, हे मी त्यांना कधी विचारले नाही. ते गेल्यावर चाकू पुतण्याकडे गेला. घासून घासून पाते इतके बारीक झाले होते, की एके दिवशी ते मध्येच तुटले. पुतण्याने दोन्ही पट्ट्या रुमालात बांधून माझ्याकडे आणून दिल्या. म्हणाला, "काका, पातं कोणतंबी चालंन, पण मूठ आजोबाचीच पायजे. नागपुरात पाहा न एखादा चाकू, याले बसंन असा."

मी राहतो सक्करदऱ्याला. भोसल्यांचा वाडा आणि तलाव यांमुळे हे नाव आपल्यापैकी पुष्कळांना ठाऊक असेल. येथला बुधवारचा बाजार मोठा. त्या बाजारात मी पहिल्याच दिवशी एक चकचकीत चाकू घेतला आणि आमच्या गल्लीतल्या सुतारकाम करणाऱ्या वृद्ध कारागिराकडे नेला. त्यांनी तो एकदा उघडला, एकदा मिटला आणि बाजूला ठेवला. "सर, तुम्ही उलटं करून राहिले. पातं चमकते का, हे काहून पाहता? पयले खीळ पाहा. पातं घासता येते, मूठ बदलता येते. खीळ बिघडली का चाकू संपला. अन् याची मूठ तं साच्यातच ओतली आहे. काढाल कशी?"

चाळीस वर्षे रंधा चालवलेल्या माणसाने हे एका वाक्यात सांगितले. मी मात्र तेच समजून घेण्यासाठी घरी येऊन पुस्तके उघडली. आणि पाहतो तो काय, पाते कोठले, मूठ कोणाची आणि दोहोंचा सांधा कसा, हा प्रश्न आपल्या नागपूरच्या मातीत फार जुना आहे.

नागपूरहून काटोलच्या रस्त्याला लागले, की जुनापाणी लागते. तेथे मोठाल्या दगडांची वर्तुळे आहेत. १८६७ साली रिव्हेट-कार्नाक या इंग्रज अधिकाऱ्याने त्यांतली काही उकरली. पुढे माहुरझरी, टाकळघाट, खापा येथे शास्त्रशुद्ध उत्खनने झाली. १९७८ ते १९८० या काळात पेंच नदीकाठच्या नाइकुंडला लोखंड वितळवण्याची भट्टीच सापडली. इसवी सनापूर्वी सुमारे सातशे वर्षांची ही गोष्ट. म्हणजे आजपासून सत्तावीसशे वर्षांपूर्वी आपल्या या जिल्ह्यात लोहार भाता फुंकीत होता.

त्या दगडी वर्तुळांच्या पोटात कुऱ्हाडी मिळाल्या, सुरे मिळाले, खंजीर मिळाले. माहुरझरीच्या खंजिरांपैकी काहींना तांब्याची मूठ आहे. कुऱ्हाडींची गोष्ट तर अधिक लक्षात ठेवण्यासारखी. त्यांच्यावर लोखंडाच्या पट्ट्या फुलीसारख्या आवळलेल्या आहेत. कशासाठी? लाकडी दांडा पात्याशी घट्ट धरून ठेवण्यासाठी. दांडा केव्हाच मातीत मिसळला, पण त्याला धरणाऱ्या पट्ट्या राहिल्या. दांडा ढिला होतो, ही त्या शेतकऱ्याची तक्रार होती, आणि लोहाराने तिला दिलेले उत्तर आज आपल्याला हातात धरून पाहता येते.

आता मिटणाऱ्या चाकूकडे वळू. युरोपात ऑस्ट्रियामधील हालश्टाट येथे हाडाच्या मुठीचा एक मिटणारा चाकू सापडला आहे. इसवी सनापूर्वी सहाशे ते पाचशे या सुमाराचा. आपल्या नाइकुंडच्या भट्टीहून फार धाकटा नाही! रोमन लोकही असे चाकू वापरीत. त्यांत पाते, खाचेची मूठ आणि दोहोंतून जाणारी एक खीळ, एवढेच असे. पाते उघडे राहायचे ते केवळ खिळीच्या घट्टपणावर. खीळ सैल झाली, की पाते बोटावर मिटायचे. सतराव्या शतकात इंग्लंडातील शेफील्डच्या कारागिरांनी मुठीच्या पाठीत पोलादी कमान बसवण्यास सुरुवात केली. ही कमान पात्याच्या टाचेवर दाब देते, त्यामुळे पाते उघडले तर उघडे आणि मिटले तर मिटलेले राहते. त्याच शेफील्डच्या कारखान्यांत मुठींसाठी पुढे आपल्या हिंदुस्थानातील सांबराची शिंगे जहाजे भरून जात. शिंग आपले, पाते त्यांचे!

आपल्याकडे चाकू हा शब्द आला तुर्की-फार्सीतून. त्याचे एक काम कचेरीतले. बोरू तासायचा, त्याला तिरपा काप द्यायचा आणि मोडीचे अक्षर सुबक काढायचे. बोरूला म्हणत कलम. आणि झाडाला डोळा भरतात, त्यालाही आपण कलमच म्हणतो. कारकुनाच्या हातचे कलम आणि माळ्याच्या हातचे कलम, दोन्ही चाकूनेच साधायचे. हे वर्गात मुलांना सांगून पाहा, त्यांना गंमत वाटेल.

शेफील्डला कमान आली, त्याच शतकात मराठ्यांनी पाते आणि मूठ यांचा प्रश्न मोठ्या प्रमाणावर सोडवला होता. पश्चिम किनाऱ्यावर पोर्तुगीज आणि इतर युरोपीय व्यापारी तलवारीची पाती आणीत. लांब, सरळ, चांगल्या पोलादाची. घोडेस्वाराला ती पसंत पडत. मात्र त्यांची मूठ आपल्या हाताला जमणारी नव्हती. तेव्हा पाते तेवढे घ्यायचे, आणि मूठ आपल्या कारागिराकडून आपल्या पद्धतीची बसवायची. अशा तलवारीला नावच पडले फिरंग. परदेशी मालाला नाक मुरडायचे नाही आणि तो जसाच्या तसाही उचलायचा नाही, असा हा व्यवहार होता.

याचा एक नमुना आपल्या नागपूरचाच आहे. एप्रिल २०२५ मध्ये लंडनच्या लिलावात एक तलवार निघाली. महाराष्ट्र शासनाने ती मिळवली आणि ऑगस्ट २०२५ मध्ये ती मुंबईस आली. पाते सरळ, एकधारी, युरोपीय बनावटीचे. मूठ आपल्याकडची, मुल्हेरी घाटाची, सोन्याचे नक्षीकाम असलेली. आणि पात्यावर देवनागरीत सोन्याच्या अक्षरांत रघोजी भोसल्यांचे नाव, त्यांचा सेनासाहेबसुभा हा किताब, आणि शेवटी शब्द 'फिरंग'. म्हणजे पाते परके आहे हे त्यांनी लपवले नाही. उलट त्यावर लिहून ठेवले! बंगालपर्यंत दौड मारणाऱ्या पहिल्या रघोजींचे हे नाव. संत्र्याची पहिली रोपे औरंगाबादेकडून नागपुरास आणली तीही भोसल्यांच्याच काळात, असे सांगतात.

फिरंगेची ही रीत साध्या कामाच्या चाकूतही दिसते. १८९० साली फ्रान्सच्या सॅव्हॉय या डोंगरी भागात जोसेफ ओपिनेल याने शेतकऱ्यांसाठी चाकू केला. लाकडाची एक मूठ, एक पाते, एक खीळ. १९५५ साली त्याच्या घराण्याने त्याला फिरणारे कडे बसवले. ते फिरवले की उघडे पाते बोटावर मिटत नाही. स्विस सैनिकांना १८९१ साली जो चाकू मिळाला, त्याची मूठही लाकडाचीच, काळ्या केलेल्या ओकची. आणि पहिले चाकू आले ते जर्मनीतल्या सोलिंगेनहून. ओपिनेलच्या साध्या मुठीच्या जागी आपल्या आवडीच्या लाकडाची मूठ बसवणारे हौशी लोक आजही पुष्कळ आहेत.

एवढे वाचून झाल्यावर मी पुन्हा बाजारात गेलो. या खेपेस चाकू कसा पाहिला, ते सांगतो. आपल्याला कधी घ्यायचा झाला तर उपयोगी पडेल.

पहिली परीक्षा खिळीची. चाकू उघडून पात्याचे टोक चिमटीत धरावे आणि डावीकडे-उजवीकडे हलवून पाहावे. पाते हलले तर तो चाकू ठेवून द्यावा. मग तो मिटावा आणि वरून पाहावे. पाते दोन भिंतींच्या बरोबर मधोमध बसले पाहिजे. एका अंगाला घासत असेल तर लाकूड बदलून तो दोष जाणार नाही.

दुसरी परीक्षा मुठीची. मूठ साच्यात ओतलेली असेल तर ती कधी निघायची नाही. बाहेरच्या पट्ट्यांच्या आत पितळेची किंवा लोखंडाची अस्तरपट्टी असावी, आणि खीळ व कमान त्या अस्तरात धरलेली असावी. मग वरची पट्टी काढली तरी चाकू चाकूच राहतो. पट्ट्या स्क्रूने बसवलेल्या असतील तर काम आणखी सोपे.

तिसरी परीक्षा मापाची. जुनी पट्टी अस्तरावर ठेवून पाहावी. पट्टी थोडी मोठी असली तर चालते, कारण कानशीने उतरवता येते. लहान असली तर काही इलाज नाही.

आणि चौथी गोष्ट लाकडाची. आपल्या जंगलाने याबाबतीत आपल्याला काही कमी केलेले नाही. शिसव आहे, कुऱ्हाडीच्या दांड्याला पिढ्यान्‌पिढ्या वापरलेला चिवट धावडा आहे, जुन्या तेंदूचा काळाभोर गाभा आहे. पण लाकूड वाळलेले हवे. नागपूरचा उन्हाळा आपल्याला ठाऊक आहे. पावसाळ्यात बसवलेली ओली मूठ वैशाखात आकसून चिरते. सैल झालेला दांडा शेतकरी पाण्यात भिजत घालतो तो काही उगीच नाही. बसवून झाल्यावर जवसाचे तेल दोन-तीनदा चोळावे. सांबरशिंगाच्या मात्र वाटेला जाऊ नये. वन्यजीव संरक्षण कायद्याखाली तो व्यवहार आता गुन्हा आहे.

कायद्यावरून आठवले. शहरात चाकू म्हटले की लोकांच्या डोळ्यांपुढे मारामारी येते. वर्तमानपत्रे वाचून ती यावी यात नवल नाही. १९५९ च्या शस्त्र कायद्याखालील नियमांत नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याच्या धारदार शस्त्रांचा वेगळा वर्ग केला आहे, आणि घरकामाची व शेतीची अवजारे त्यातून वगळली आहेत. डोळे भरणाऱ्याला तीन इंचांचे पाते पुष्कळ झाले. गुरुजींना माझी विनंती आहे, की चाकू वाईट आहे एवढेच मुलांना सांगून थांबू नका. तो कोणत्या कामाचा आहे आणि उघडा चाकू दुसऱ्याच्या हाती कसा द्यायचा नाही, हेही सांगा. माझ्या वडिलांच्या डाव्या तर्जनीचे टोक नव्हते. कमान नसलेला एक जुना चाकू ऐन कामात मिटला होता.

तिसऱ्या बुधवारी मला हवा तसा चाकू मिळाला. नवाही नव्हता. पात्यावरची अक्षरे झिजून गेलेली, त्यामुळे तो कोणत्या गावचा हे कळले नाही. पण खीळ घट्ट, कमान दमदार आणि अस्तर पितळेचे. कारागिरांनी वडिलांच्या पट्ट्या अस्तरावर ठेवल्या. जुनी छिद्रे जुळेनात. मी हिरमुसलो. ते म्हणाले, "त्यात काय आहे सर! जुन्या छिद्रात शिसवीचीच खुंटी मारू, नवीन छिद्र पाडू." तासाभराने चाकू तयार झाला. खुंट्या निरखून पाहिल्या तरच दिसतात. पट्टीवरच्या त्या खोलगट जागेला त्यांनी कानस लावली नाही. मी तसे सांगितलेही नव्हते.

गेल्या थंडीत पुतण्याने त्या चाकूने डोळे भरले. मी शेजारी बसून पाहत होतो. त्याचा अंगठा त्या जागेत नीट बसत नाही. त्याचा हात वडिलांहून मोठा आहे. मी म्हटले, थोडी घासून घे. तो म्हणाला, "राहू द्या काका. पडंन हळूहळू माही बी जागा."