पडक्या घराचे फोटो

खर्डी सोडली की उंबरमाळी, मग कसारा, आणि पुढे घाट. या पट्ट्यात एक तरी पडकं घर नजरेला पडतंच. आपण सरपण डोक्यावर घेऊन त्याच्यावरून जातो, पण थांबून बघत नाही. यंदा भात झोडून झाल्यावर आमच्या बचत गटाने ठरवलं की उंबरमाळीजवळच्या अशा एका घराचे फोटो काढायचे, आणि तिथे कोण राहत असेल, काय चालत असेल, याचा अंदाज बांधायचा. मालकांचे नातेवाईक कल्याणला असतात. त्यांना फोन करून आधी विचारून घेतलं. पडकं झालं तरी घर कुणाचं तरी असतंच. आणि जाताना काठी घेऊन गेलो, कारण अशा घरात माणूस नसला तरी साप असतो.

जोतं काळ्या दगडाचं, कमरेएवढं उंच. छप्पर अर्धं बसलेलं. खाली पडलेल्या एका कौलावर इंग्रजी अक्षरं आणि 1865 हा आकडा होता. आमच्यातली कॉलेजात जाणारी मुलगी म्हणाली, म्हणजे रेल्वे घाट चढली त्याच सालचं घर! हिशेब छान जुळत होता. 1861 साली रेल्वे कसाऱ्यापर्यंत आली आणि 1865 साली थळ घाट चढून इगतपुरीला पोचली. पण मंगलोरला बासेल मिशनने कौलांचा कारखाना काढला तोही 1865 सालीच. कौलावरचं साल बहुधा कारखाना सुरू झाल्याचं असतं, घराचं नव्हे. पातेल्यावर कंपनीचं नाव असतं तसंच ते. तेव्हा कौल बघून घराचं वय सांगू नये. एवढंच म्हणता येतं की कौलं मंगलोरहून इथवर आणायची म्हणजे घरात पैसा होता.

पैसा कुठून आला असेल? उत्तर आम्हाला आतल्या खोलीत मिळालं. ओटी बेताची, माजघर बेताचं, पण मागचं कोठार मोठं. जमिनीला उंदीर लागू नये म्हणून जाड फळ्या, दाराला हाताएवढी कडी. आम्ही बायका आहोत, किती माणसांना किती भात लागतं ते आम्हाला मोजून सांगावं लागत नाही. एका घराच्या पोटाला एवढं कोठार लागत नाही. तिथे दुसऱ्यांचं भात येत असणार.

आपल्या सासवा-आजेसासवांकडून खावटी, दिढी, पालेमोड हे शब्द तुम्ही ऐकले असतील. पावसाळ्यात घरातलं धान्य संपलं की सावकाराकडून खावटी आणायची आणि सुगीला दीडपट परत घालायची, ती दिढी. पीक उभं असतानाच कमी भावात बोलून टाकायचं, ते पालेमोड. या घरात नेमकं असंच चाललं असं आम्ही छातीठोक सांगत नाही, तो आमचा अंदाज आहे. पण ठाणे जिल्ह्यात हे चालत होतं यात शंका नाही. म्हणूनच माथेरानच्या भाई कोतवालांनी शेतकऱ्यांसाठी धान्य कोठ्या काढल्या. आपल्या गटासारखंच ते काम, फक्त पैशाऐवजी भात. हेच कोतवाल 2 जानेवारी 1943 रोजी मुरबाड तालुक्यातल्या सिद्धगडावर हिराजी पाटलांबरोबर हुतात्मा झाले. 1945 साली टिटवाळ्याला किसान सभेची परिषद भरली, आणि गोदावरी व शामराव परुळेकरांबरोबर डहाणू-तलासरीकडचे वारली वेठबिगारीविरुद्ध उभे राहिले. पुढे 1948 चा कूळकायदा आला. त्यानंतर जिल्ह्यातली अशी किती कोठारं रिकामी झाली असतील!

फोटो मात्र आम्ही सगळ्यात जास्त काढले ते पडवीतल्या उखळाचे. जमिनीत बसवलेलं दगडी उखळ, तळाला झिजून गुळगुळीत. शेजारी हातातली बांगडी ठेवून फोटो काढला, म्हणजे आकार कळतो. दोन बाया समोरासमोर उभ्या राहून आलटून पालटून मुसळ मारत असतील. दगड झिजायला किती वर्षांचं कांडण लागलं असेल? त्या घरच्या सुना होत्या की खावटी फेडायला आलेल्या बाया, ते दगड सांगत नाही.

परतताना ठाकूरवाडीतल्या एका आजींना मोबाइलवर फोटो दाखवले. कोठार, उखळ, कौल, सगळं त्यांनी बघितलं. मग म्हणाल्या, "आमचंबी घर व्हतं ना. तुमी फोटू कशाचा काढाल? कुडाचं घर, दोन पावसाळं शाकारलं नाय का मातीत जातं."

आम्ही गप्प झालो. कारवीचा कुड, त्यावर शेणमातीचा गिलावा, वर पेंढा. माणसं उठली की तीन-चार वर्षांत तिथे जोतंही राहत नाही. कसारा घाटाच्या कामावर हजारो मजूर होते, पाट्या वाहणाऱ्या बायाही होत्या. त्यांनी बांधलेले दगडी पूल आपण गाडीतून बघतो, पण त्यांच्या झोपड्यांचा एक दगडही कुठे दिसत नाही. जुनं घर म्हणून ज्याचे फोटो निघतात, ते बहुतेक वेळा कोठार असणाऱ्याचंच घर असतं.

मग आजींनाच विचारलं, जागा दाखवाल का? त्या चालत निघाल्या. मोहाच्या झाडाच्या अलीकडे थांबून त्यांनी पायाने गवत बाजूला केलं. मातीत रुतलेले काळपट तीन दगड होते, चुलीचे. आजी तिथे बसल्या, दार कुठे होतं, कणगी कुठे होती, बाळंतपणाचा कोपरा कुठला, ते हाताने दाखवत गेल्या. आम्ही तसेच फोटो काढले, आजी मधोमध आणि भोवती नुसतं गवत.

फोनमधले फोटो फोनबरोबरच जातात. म्हणून शहापूरला जाऊन आम्ही ते कागदावर काढून आणले आणि मागे पेन्सिलीने तारीख, जागा आणि आजींचे शब्द लिहिले. त्याच आठवड्यात ग्रामपंचायतीतून आमच्या स्वतःच्या घरांचे नमुना 8 चे उतारेही काढले. घरावर नवरा-बायको दोघांचं नाव लावायचं, असं शासनाने 2003 सालीच सांगितलं आहे. आमच्यातल्या चौघींचीच नावं निघाली. बाकीच्यांचे अर्ज सोमवारी द्यायचे आहेत.

आजींनी आणखी दोघींची नावं सुचवली आहेत. दोघींना नीट दिसत नाही, पण जागा ठाऊक आहे. मार्ग-पौषात गवत वाळून खाली बसतं, तेव्हाच चुलीचे दगड सापडतात. पुढच्या महिन्यात तिकडे जाऊ.