स्टेपनी : रस्त्याचं नाव चाकाला

डिकीतली ‘स्टेपनी’ मूळची वेल्समधली. लानेल्ली गावातल्या स्टेपनी स्ट्रीटवरच्या डेव्हिस बंधूंनी 1904 मध्ये ती विकायला काढली. तेव्हा मोटारीसोबत जादा चाक येतच नसे. रस्त्यांवर घोड्यांच्या नालांचे खिळे पडलेले असत आणि चाक मोटारीला कायमचं जखडलेलं असे. त्यामुळे पंक्चर झालं की तिथेच टायर उचकटायचा, ट्यूबला ठिगळ लावायचं आणि हातपंपाने हवा भरायची. डेव्हिस बंधूंची युक्ती साधी होती. बिनआऱ्यांच्या रिमवर फुगवलेला टायर तयार ठेवायचा आणि पंक्चर चाक न काढता त्याच्याच कडेला तो पकडींनी आवळायचा. माझ्या मते त्यांनी चाकापेक्षा सवड विकली. दुरुस्ती पुढच्या गावावर ढकलता येऊ लागली.

कुणी म्हणेल, खरी क्रांती सुट्या होणाऱ्या चाकाने केली. स्टेपनी तर काही वर्षांतच मागे पडली. वस्तूपुरतं हे खरं आहे. पण सुटं चाक नुसतं निघून काय उपयोग, जागी बसवायला दुसरं हवंच. ते सोबत बाळगायची सवय स्टेपनीने लावली. म्हणून वस्तू गेली तरी आपल्याकडे नाव राहिलं (ब्राझीलमध्येही ‘एस्टेपी’च म्हणतात). आता ही सवयही ऐच्छिक झाली आहे : ट्यूबलेस टायर, हवेचा दाब सांगणारी यंत्रणा आणि पंक्चरचं किट असेल, तर स्टेपनीविना गाडी विकायला भारतात 2020 पासून मुभा आहे. मात्र टायरची बाजूच फाटली, तर ते किट निरुपयोगी.