थव्यातील पक्षी मोजायचे कसे?

ठाण्याच्या खाडीत ओहोटी लागली, की चिखल्या, तुतारी, पाणटिवळा यांसारखे हिवाळी पाहुणे विस्तीर्ण चिखलावर पांगतात. तेव्हा त्यांची गणती जवळपास अशक्य असते. पाणी चढू लागले, की हेच पक्षी मिठागरांत आणि कांदळवनाआडच्या उथळ पाणथळींत दाटीवाटीने विसाव्याला येतात. गणना होते ती याच वेळी. पूर्ण भरतीच्या तासभर आधी पोहोचणे श्रेयस्कर. पक्षी तेव्हा लहान तुकड्यांनी येत असतात. उधाणाला मात्र नेहमीची जागाच बुडून थवा अन्यत्र सरकू शकतो. त्यामुळे भरतीचे कोष्टक पाहिल्याशिवाय निघू नये.

मोठ्या थव्यात एकेक पक्षी मोजता येत नाही. अशा वेळी आधी वीस किंवा शंभर पक्षी नीट मोजून त्यांनी व्यापलेली जागा नजरेत धरायची आणि तेवढे ‘तुकडे’ संपूर्ण थव्यात किती बसतात ते पाहायचे. ऐकायला सोपे, पण थवा सर्वत्र सारखा दाट नसतो आणि छोटे पक्षी मोठ्यांच्या आड दडतात. त्यामुळे मोठ्या थव्यांचा अंदाज बहुधा कमीच निघतो. छायाचित्रावर ठिपके देत मोजून आपला अंदाज ताडून पाहणे, हा त्यावरचा उत्तम सराव. (अंदाज आधी वहीत लिहावा, नंतर ‘आठवलेला’ अंदाज नेहमीच अचूक असतो!) प्रजातींचे प्रमाण काढताना थव्याच्या निरनिराळ्या भागांतील पक्षी दुर्बिणीतून ओळखावेत. एकाच जातीचे पक्षी पुष्कळदा गटाने बसतात, म्हणून केवळ कडेचे पाहिल्यास फसगत होते.

एखाद्या ससाण्याने थवा उठवला, तर तेच पक्षी शेजारच्या पाणथळीवर पुन्हा मोजले जाण्याची भीती असते. म्हणून आसपासच्या सर्व जागांवर एकाच भरतीला गणना करावी लागते.

हा खटाटोप केवळ हौसेचा नाही. नियमितपणे २० हजार पाणपक्षी किंवा एखाद्या प्रजातीच्या समूहाचे एक टक्का पक्षी जेथे येतात, ती पाणथळ रामसर करारानुसार आंतरराष्ट्रीय महत्त्वाची ठरू शकते. ठाणे खाडीला हा दर्जा २०२२ मध्ये मिळाला. भराव टाकण्याचा प्रस्ताव येतो तेव्हा न मोजलेली पाणथळ कागदावर ओसाडच दिसते.

भारतात १९८७ पासून दर जानेवारीत होणारी आशियाई पाणपक्षी गणना हिवाळ्याचे चित्र देते. स्थलांतराच्या काळात गणित बदलते: काही पक्षी पुढे जातात, नवे उतरतात. अशा वेळी एका दिवसाचा सर्वाधिक आकडा म्हणजे हंगामात येऊन गेलेल्यांची एकूण संख्या नव्हे. पक्षी सरासरी किती दिवस थांबतात, हे पायांतील खुणेच्या कड्यांवरून अजमावल्यावरच तो हिशेब मांडता येतो.