धीर आणि धीरे-धीरे

१७ फेब्रुवारी २०२५ च्या पहाटे ५ वाजून ३६ मिनिटांनी दिल्ली हलली. ४.० तीव्रतेचा धक्का, केंद्र धौला कुआंजवळ. पडझड नाही, पण जमिनीतून आलेली ती घरघर कानांत राहिली. नोएडातल्या आमच्या चौदाव्या मजल्यावर आत्या त्या दिवसापासून लिफ्टमध्ये पाऊल टाकीना. पंखा जरा हलला की ही चपला घालून दारात उभी.

आत्या मूळची पाटणची. ११ डिसेंबर १९६७ ला कोयनेचा भूकंप झाला तोही पहाटेच, तेव्हा ती नऊ वर्षांची होती.

"आत्याने धसका घेतला," असं आम्ही नातेवाइकांना फोनवर सांगायचो. एकदा तिने ऐकलं. "मी कुठे घ्यायला गेले होते रे?" भीती बसते, भीती वाटते, धसका मात्र माणूस 'घेतो'ही, जणू हात पुढे करून. घरात भित्र्या माणसावर येणारा वैताग या क्रियापदात बरोबर सापडतो.

शेजारच्या काकू म्हणतात, "डर बैठ गया है." हा डर संस्कृत 'दर'पासूनचा. धातुपाठात 'दॄ' धातूचे दोन अर्थ दिले आहेत: फाटणे आणि भिणे. आपली 'दरी' त्याच घरातली. आम्ही दरीच्या अलीकडून ओरडत होतो, "अगं, काही होत नाही!" पलीकडे शब्द पोचत होते, अर्थ नाही. फोबियातला ग्रीक 'फोबोस'ही होमरच्या काळात भीतीपेक्षा पळ काढणं अधिक सांगे. पाय आधी पळतात, मन मागून कारण शोधतं. आणि मराठी 'भयगंड'? गंड म्हणजे गाठ, गळू, 'गंडमाळा'मधला तोच. गळू दाबून बसत नाही.

मग आम्ही दुसरं टोक गाठलं. तिची औषधं, भाजी, सगळं वर आणून देऊ लागलो. मानसोपचारतज्ज्ञांनी ते थांबवलं. टाळलेली भीती वाढते, म्हणाले. आधी नुसतं लिफ्टच्या दारात उभं राहायचं, मग एक मजला, मग दोन.

इथे 'धीर' आठवला. संस्कृतात एक धीर 'धी'पासून आला, म्हणजे शहाणा. दुसरा 'धृ'पासून मानतात, म्हणजे स्थिर. 'धीर धर' म्हणताना आपण बहुधा एकाच धातूला दोनदा राबवतो. हा शब्द व्यवहारात मोठा चोख. धीर आपण 'देतो', पण 'धरायचा' समोरच्याने. त्याला पेलेल एवढाच द्यावा, नाहीतर 'सुटतो'.

पहिल्या दिवशी आत्या लिफ्टच्या दारात माझं मनगट आवळून उभी होती. गार्ड म्हणाला, "कोई जल्दी नहीं, माताजी. धीरे-धीरे." तोच शब्द! मराठीत त्याचं धैर्य झालं, हिंदीत हळूहळू. जवळजवळ साठ वर्षांमागची पहाट अंगात असलेल्या माणसाला दोन्ही एकदमच लागतात.

सध्या आत्या अकराव्या मजल्यापर्यंत लिफ्टने येते. उरलेले तीन मजले जिन्याने. बरोबर असलो की आम्हीही अकराव्यालाच उतरतो.