कुठं जाणार हा फोटो? : अनोळखी चेहऱ्यांच्या छायाचित्रणाच्या अभ्यासाला प्रस्तावना

रस्त्यावरच्या अनोळखी माणसाचा फोटो न विचारता काढावा का, या प्रश्नावर मत नसलेला माणूस शोधून सापडायचा नाही. लोकलमध्ये समोरच्या बाकावर कुणी मोबाईल जरा उभा धरला की इकडची बाई ओढणी सारखी करते. तो बिचारा कदाचित मॅच बघत असतो. विषय असा सगळ्यांच्या रोजच्या वाटेवरचा, आणि म्हणूनच बहुधा त्याला अभ्यासविषयाचा मान उशिरा मिळाला. आजही वकील त्याला कायद्याचा प्रश्न समजतात, छायाचित्रकार कलेच्या स्वातंत्र्याचा, समाजशास्त्राचे लोक सत्तेचा आणि संगणकवाले विदेचा, म्हणजे डेटाचा. हे चौघे एकमेकांचं फारसं वाचत नाहीत. या संग्रहात त्यांना एका सतरंजीवर बसवलं आहे. वाचकाने आधी यातलं काही शिकलेलं असावं अशी अट नाही. आपलाच एखादा फोटो भलत्या ग्रुपवर फिरताना बघून पोटात गोळा आला असेल, तर या विषयात तुमचा प्रवेश होऊन गेला आहे.

इतिहासापासून सुरुवात केलेली बरी, कारण हे सगळं मोबाईलने आणलं असा समज फार पक्का आहे. १८३८ साली लुई दागेरने पॅरिसमधल्या एका रस्त्याचं चित्र उंच खिडकीतून टिपलं. ठसा उमटायला काही मिनिटं लागायची, त्यामुळे चालती माणसं आणि घोडागाड्या त्यात आल्याच नाहीत. वर्दळीचा रस्ता ओस दिसतो. एका कोपऱ्यात बुटांना पॉलिश करून घेणारा एक जण मात्र स्थिर उभा होता, तो उमटला. छायाचित्रात आलेला पहिला माणूस म्हणून त्याच्याकडे बोट दाखवतात. त्याचं नाव कुणालाच ठाऊक नाही, आणि आपण टिपले गेलो हे त्यालाही कळलं नसणार.

तक्रारीला मात्र पुढे पन्नास वर्षं लागली. १८८८ मध्ये जॉर्ज ईस्टमनने कोडॅकचा हातात धरता येणारा कॅमेरा बाजारात आणला. आत शंभर फोटोंचा रोल भरलेला. तो संपला की कॅमेराच कारखान्यात पाठवून द्यायचा. तिवई नको, रसायनं नकोत, समोरच्याने श्वास रोखून बसायला नको, आणि म्हणून समोरच्याला सांगायलाही नको. दोनच वर्षांनी, डिसेंबर १८९० मध्ये, सॅम्युअल वॉरन आणि लुई ब्रँडाइस या बोस्टनच्या वकिलांनी ‘हार्वर्ड लॉ रिव्ह्यू’मध्ये खासगीपणाच्या हक्कावर निबंध लिहिला. या विषयाची वंशावळ तिथून मांडायची पद्धत आहे. निबंध नीट वाचला तर दिसतं, की त्यांचा राग एकट्या कॅमेऱ्यावर नाही. क्षणात फोटो टिपणारं यंत्र आणि तो घरोघर पोचवणारं वर्तमानपत्र, अशी जोडी त्यांनी आरोपीच्या पिंजऱ्यात उभी केली होती.

हा धागा शेवटपर्यंत सोडू नये. माझ्या मते विषयाचा गाभा तिथेच आहे. फोटो काढणं ही एक कृती, तो पुढे धाडणं ही दुसरी. आणि माणूस दुखावतो तो बहुतेक वेळा दुसरीत. न्यूयॉर्क राज्यात एका तरुण मुलीचा चेहरा तिला न विचारता पिठाच्या जाहिरातीवर छापला गेला, सुमारे २५,००० प्रती दुकानादुकानांत लागल्या. मूळ छायाचित्राबद्दल तिचं काही म्हणणं नव्हतं. १९०२ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ४ विरुद्ध ३ मतांनी तिचा दावा फेटाळला, लोक खवळले, आणि पुढच्याच वर्षी विधिमंडळाने लेखी संमतीशिवाय कुणाचा चेहरा धंद्यासाठी वापरायला मनाई केली. जर्मनीतलं उदाहरण याहून बोलकं आहे. जुलै १८९८ मध्ये माजी चान्सलर बिस्मार्क वारला, त्या रात्री दोन छायाचित्रकार त्याच्या घरात घुसले आणि मृतदेहाचा फोटो काढून विकायला निघाले. या प्रकरणाच्या धक्क्यातून १९०७ चा कायदा आला. त्याचं २२ वं कलम म्हणतं, की माणसाची प्रतिमा त्याच्या संमतीशिवाय पसरवता येणार नाही, जाहीर मांडताही येणार नाही. घुसखोरी झाली होती फोटो काढताना. कायद्याने हात धरला तो पसरवणाऱ्याचा.

छायाचित्रकारांच्या बाजूने वॉकर इव्हान्सचं काम आवर्जून अभ्यासावं. १९३८ ते १९४१ या काळात तो न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेत कोटाखाली काँटॅक्स कॅमेरा लपवून बसायचा. भिंग दोन बटणांच्या मधून बाहेर डोकावायचं, कळीची तार बाहीतून हातात आलेली. समोरच्या प्रवाशांना पत्ता नाही. आजच्या कसोटीला ही सरळ सरळ चोरी. पण पुस्तक निघालं ते १९६६ मध्ये. पंचवीस वर्षांच्या या थांबण्यात त्या प्रवाशांच्या खासगीपणाची चाड होती, असं त्याचे अभ्यासक मानतात. मला इव्हान्स निर्दोष वाटत नाही. तरी काढणं आणि दाखवणं यांच्यामध्ये एक मोठी मोकळी जागा असते, आणि तिथे विचार करता येतो, हे त्याच्या कामातून जितकं स्पष्ट दिसतं तितकं कुठल्याही आचारसंहितेतून दिसत नाही.

मोबाईलने ती जागाच बुजवली. नोव्हेंबर २००० मध्ये जपानमध्ये शार्पने बनवलेला जे-फोनचा कॅमेरावाला हँडसेट आला, तेव्हा त्याची खरी करामत फोटो काढण्यात नव्हती. चित्र दिसायलाही बेताचंच होतं. काढलेला फोटो तिथल्या तिथे मेलने धाडता येत होता, याचं लोकांना अप्रूप. पुढे चोरून फोटो काढण्याच्या तक्रारी वाढल्या, तेव्हा तिथल्या कंपन्यांनी क्लिकचा आवाज बंदच करता येणार नाही अशी सोय केली. उपाय चांगलाच, पण अर्धा. आपला फोटो चाळीस जणांना गेला हे त्याच डब्यात बसलेल्या माणसाला ऐकू येईल, असा आवाज कुठलाही फोन करत नाही.

आपल्याकडे हे सगळं जवळून बघायचं तर आषाढी वारीसारखी जागा नाही. पालखी दिवे घाट चढायला लागली की कठड्यावर आणि दरडीवर कॅमेरे, मोबाईल खेटून उभे असतात. एकीकडे छायाचित्रकार संदेश भंडारे यांनी वारीवर केलेलं पुस्तकभर काम, दुसरीकडे सकाळ साधून गाडीने घाटात येणारे आणि तासाभरात रील टाकून परतणारे. डोक्यावर तुळशीवृंदावन घेतलेल्या आजींना कुणी “माउली, एक फोटो काढू का?” असं विचारलं की त्या थांबतात, पदर पुढे ओढतात, हात जोडून ताठ उभ्या राहतात आणि मघाचं हसू पार मावळतं. फोटोवाला खट्टू होतो. त्याला तो मघाचा ‘नॅचरल’ चेहरा हवा असतो. पण जगापुढे कसं यायचं हे ठरवण्याची तेवढीच संधी आजींना मिळालेली असते, आणि त्यांनी ती पुरेपूर घेतलेली असते. जुन्या घरांच्या भिंतींवर आजोबा खांबासारखे उभे दिसतात, तेही याच हिशेबाने. मग आजी विचारतात, “कुठल्या पेपरात येनार?” आपण शहरी लोक यावर हसतो. या विषयातला इतका नेमका प्रश्न मला दुसरा माहीत नाही. कारण तोच चेहरा पुढे एकादशीच्या शुभेच्छांच्या फ्लेक्सवर येतो, कोपऱ्यात भावी नगरसेवक हात जोडून असतात, आणि आजींच्या नावाला त्यात जागा नसते.

मुक्कामाच्या गावी बायका पहाटेच्या काळोखातच टँकरपाशी अंघोळी उरकतात. दोघी जणी लुगड्याची टोकं धरून आडोसा करतात. काळोख आणि लुगडं मिळून झालेली ती भिंत भोवतालचे हजारो वारकरी मानतात. तिकडे नजर जात नाही, गेली तर वळते. म्हणजे उघड्या मैदानातही खासगीपणा असतो, तो लोकांनी मिळून राखलेला असतो. हेलन निसेनबाम या अमेरिकी विदुषींनी २००४ च्या निबंधात आणि पुढे २०१० च्या पुस्तकात हेच तत्त्व सिद्धान्त म्हणून मांडलं. त्यांच्या मते गुप्त राहणं म्हणजे खासगीपणा अशी व्याख्या पुरत नाही. प्रत्येक प्रसंगात माहिती कुणाकडून कुणाकडे जायची याचे ठरलेले रिवाज असतात; ते मोडले की खासगीपणा मोडला, मग माहिती मुळात उघडी का असेना. दिंडीतल्या सोबतिणींनी बघणं आणि पुण्यातल्या एखाद्या ऑफिसात ते चित्र उघडलं जाणं, यांतला फरक त्यांच्या मांडणीतून नीट सांगता येतो. संग्रहातला सिद्धान्तविषयक भाग कोरडा वाटला तर आधी वारीवरचे लेख वाचून मग तिकडे वळावं.

भारतीय कायद्याबद्दल नवख्या वाचकाच्या दोन टोकाच्या समजुती असतात: रस्त्यावर काहीही चालतं, किंवा विचारल्याशिवाय काहीच चालत नाही. दोन्ही चूक. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी पुट्टस्वामी खटल्यात खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. माणूस सार्वजनिक जागी आला म्हणून तो हक्क दाराशी ठेवून येत नाही, हेही न्या. धनंजय चंद्रचूड यांच्या निकालपत्रात आहे. तत्त्व एवढं मोठं. रोजच्या वापरातली कलमं मात्र शरीरापाशी थांबतात. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ६६-ई कलम गुप्तांगांच्या चित्रणाबद्दल आहे, जागा खासगी असो वा सार्वजनिक. २०१३ मध्ये दंडसंहितेत आलेलं ३५४-सी, म्हणजे आताच्या न्याय संहितेचं ७७ वं कलम, स्त्रीच्या खासगी कृतीच्या चित्रणाबद्दल आहे. त्याला जोडलेलं एक स्पष्टीकरण अभ्यासकांनी दोनदा वाचावं: स्त्रीने चित्रणाला संमती दिली पण प्रसाराला दिली नसेल, तर प्रसार हा गुन्हा. दोन कृती वेगळ्या आहेत हे आपल्या कायद्याने इथे स्वच्छ ओळखलं आहे. साध्या चेहऱ्याच्या बाबतीत मात्र ही समज पोचलेली नाही. स्वामित्व हक्काचा कायदा तर बहुधा फोटो काढणाऱ्यालाच मालक मानतो. २०२३ चा विदा संरक्षण कायदा एखाद्याने वैयक्तिक किंवा घरगुती कारणासाठी हाताळलेल्या माहितीला लागू नाही; लाखभर फॉलोअर असलेल्या खात्यावर टाकलेला फोटो घरगुती कसा, यावर वकिलांचं पुढे बरंच पोट भरेल.

आणखी एका गृहीतकाकडे बघावं. कायदा धरून चालतो की माणसाला घर आहे, घराला दार आहे. ज्यांचा संसारच फुटपाथवर आहे, त्यांचं जेवण, झोप, भांडण, लेकराला पाजणं सगळं ‘सार्वजनिक’ ठरतं, आणि फोटोही त्यांचेच जास्त निघतात. मुंबईला ही जुनी सवय आहे. विल्यम जॉन्सनने १८६३ आणि १८६६ मध्ये मुंबईच्या रहिवाशांचे जातवार, जमातवार नमुने मांडणारे दोन खंड छापले, त्यांत स्टुडिओत टिपलेली माणसं दुसऱ्याच देखाव्यावर चिकटवलेली आहेत. शंभरएक वर्षांनी छायाचित्रकार मेरी एलन मार्क फॉकलंड रोडच्या वेश्यावस्तीत आली. दहा वर्षं तिथल्या बायकांनी तिला पिटाळलं, अंगावर कचरा आणि पाणी टाकलं. १९७८ मध्ये ती पुन्हा आली, रोज येत राहिली, ओळखी झाल्या, मग फोटो झाले. १९८१ मध्ये पुस्तक निघालं. ओळखीतून मिळालेली ही संमती पुरेशी होती का? त्या बायकांना न्यूयॉर्कमधल्या पुस्तकाच्या दुकानाची कल्पना होती का? अभ्यासक यावर भांडतात, आणि मला वाटतं त्या कचऱ्यालाही उत्तर म्हणून वाचायला हवं. दहा वर्षं ‘नाही’ असंच तर सांगितलं जात होतं.

याचा अर्थ फोटो काढूच नये असा घेतला तर नुकसान दुर्बळांचंच. मे २०२० मध्ये मिनियापोलिसमध्ये रस्त्यावर उभ्या असलेल्या सतरा वर्षांच्या मुलीने मोबाईल सुरू ठेवला नसता, तर पोलिसाच्या हातून झालेल्या जॉर्ज फ्लॉइडच्या मृत्यूचं पोलिसी निवेदन तेवढं उरलं असतं. तिने कुणाची परवानगी घेतली नव्हती, घ्यायचीही नव्हती. सत्ता राबवणाऱ्याचं चित्रण आणि झोपलेल्या प्रवाशाचं चित्रण एकाच नियमात बसवू पाहणाऱ्यांबद्दल मला संशय आहे. तरी या व्हिडिओतही मरणारा माणूस आहे, तो जगभर हजारदा मेला, आणि त्याच्या घरच्यांनी ते बघितलं. ही बाजू सोडून देऊन चालत नाही.

आता ‘अनोळखी’ हा विषयातला आधारच डळमळू लागला आहे. २०१६ मध्ये रशियन छायाचित्रकार येगोर त्स्वेत्कोव्हने सेंट पीटर्सबर्गच्या मेट्रोत समोर बसलेल्यांचे फोटो काढले आणि चेहरा ओळखणाऱ्या एका ॲपमधून त्यातल्या बऱ्याच जणांची समाजमाध्यमांवरची खाती शोधून काढली. इव्हान्सच्या प्रवाशांना त्यांच्या निनावी असण्याचा तरी आडोसा होता. या टप्प्यावरचं बरंचसं काम इंग्रजीत आणि परदेशी शहरांबद्दल आहे. मराठीत करण्यासारखं खूप पडलं आहे: लग्नातले ड्रोनवाले, तालुक्याच्या पोर्टलचे वार्ताहर, शाळेच्या गॅदरिंगचे व्हिडिओ, अपघातात मदतीआधी पुढे येणारे मोबाईल. पदवी असो नसो, ज्यांचे फोटो निघतात त्यांच्याशी बोलायची तयारी असलेल्या कुणालाही इथे काम आहे.

संपादनाबद्दल एक खुलासा. ज्या छायाचित्रांवर इथे आक्षेपासह चर्चा आहे, ती या पुस्तकात छापलेली नाहीत. शब्दांत वर्णन केलं आहे. दोन लेखकांना हे मान्य नव्हतं. चित्र समोर नसताना त्यावर निवाडा करणं वाचकावर अन्याय आहे, असं त्यांचं म्हणणं. त्यांचा आक्षेप त्यांच्याच लेखांत जसाच्या तसा ठेवला आहे, आणि तो कच्चा नाही.